दोनशे किलोच्या आत

काट्यावर चढताना राक्षसी घोरपडीचे पाय लटपटले.

“एकशे अठ्ठ्याण्णव,” वनखात्याचे साहेब म्हणाले. “दोनशेच्या वर गेली असती, तर माणसांना धोका म्हणून सुई देऊन मारावीच लागली असती. ही जात मरेपर्यंत वाढतच राहते.”

राखणदार हौसाबाईंचा जीव भांड्यात पडला. गिधाडं संपल्यापासून गावची मेलेली गुरं ही घोरपडच फस्त करायची. दिवाळीपासून मात्र हौसाबाई ती गुरं गुपचूप पुरत होत्या आणि हिला उपाशी ठेवत होत्या.

साहेबांची जीप गेल्याबरोबर त्यांनी मेलेलं वासरू ओढत आणलं.

“खा गं बाय, वाचलीस!”

घोरपडीनं वासराकडे पाहिलंच नाही. जीभ लांब करून तिनं हौसाबाईंचा मातीनं भरलेला हात चाटला, आणि मान जमिनीला टेकवली ती पुन्हा उचललीच नाही.