वाडगाभर दूध

पहिलं दुकान: कुलूप.

दुसरं दुकान: उघडं. फळ्या रिकाम्या. कुवेतची लढाई पेटल्यापासून पूर्वेकडची माणसं याच रस्त्याने रियाधकडे निघाली होती, जाता जाता सगळं उचलून. दुकानदार म्हणाला, "दूध खलास. व्हिनेगर आहे, देऊ?"

तिसरं दुकान: नाही. नुसती वाळू.

मागच्या सीटवर रुकय्या. मांडीवर मुआज, अजून बाटलीवरचा. सकाळभर भुकेने रडला होता. आता रडत नव्हता. तिला भीती त्याचीच वाटत होती.

मग काळा तंबू दिसला. शेळ्या. तिच्या नवऱ्याने, हुसेनमियाँनी, गाडी रस्त्याखाली उतरवली.

वाळवंटात शेळ्या घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्या बदूने कुठले, कोण, काही विचारलं नाही. पोराकडे पाहिलं. त्याच्या बायकोने शेळी पिळली, दूध तापवलं, वाडगा आणला.

हुसेनमियाँ रत्नागिरीचे, व्यापारी माणूस. फुकटचं घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. वाडग्याआधी त्यांनी नोट पुढे केली.

म्हाताऱ्याने वाडगा बायकोच्या हातातून घेतला आणि आपल्या मागे ठेवला.

"कमी वाटले असतील," हुसेनमियाँ पुटपुटले. आणखी एक नोट काढली.

म्हातारा उभा राहिला. "मी दूध विकणारा दिसतो तुला?"

हुसेनमियाँना अरबी कळत होती. राग कळला नाही. रुकय्याला अरबी येत नव्हती.

"अहो, ठेवा ते खिशात," ती म्हणाली. "तुमच्या आईने कधी शेजाऱ्याला ताक विकलं होतं?"

"आई कशाला मध्ये?"

"विकलं होतं?"

त्यांनी नोटा खिशात घातल्या.

रुकय्याने चपला काढल्या, आत जाऊन सतरंजीवर बसली आणि मुआजला म्हातारीच्या मांडीवर दिलं. म्हातारीने नवऱ्यामागचा वाडगा ओढून घेतला, बोट दुधात बुडवून त्याच्या ओठांना लावलं. त्याने ते चोखलं. पुन्हा तोंड उघडलं. मग वाडगा.

हुसेनमियाँही बसले. "चुकलो, चाचा," अरबीत म्हणाले. म्हातारा बाहेर गेला.

"अजून रागावलाय. पोराचं झालं की निघू. उजेडात रियाध गाठायचंय."

"आता कसले निघताय," रुकय्या म्हणाली. "तो काय करतोय बघा."

विमानं डोक्यावरून उत्तरेला गेली. तंबू थरथरला. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. कमरेला सुरी खोचून तो शेळ्यांमधून फिरत होता, एकेकीच्या पाठीवर हात दाबत, अंगाने भरलेली कोणती ते बघत.