उलटे तीन टाके

मुलीने पिशवी टेबलावर ठेवली आणि काकांचं शिलाई मशीन थांबलं. एका शिडाची शिवण संपत आली होती. शेवटी उलटे तीन टाके मारल्याशिवाय काका दोरा तोडत नसत. आज टाके मारायचे राहिले, दोरा तसाच लोंबत राहिला.

पिशवी निळी होती, चेन गंजलेली, एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला. एकोणीस वर्षं ती मुलीच्या घरी माळ्यावर पडून होती. आता ती तिथेच राहणार, अशी काकांनी मनाची समजूत घातली होती.

"आईने काढू दिली?"

"आईला विचारलंच नाही. ती बाजारात गेली तेवढ्यात काढली." मुलगी हसली. हसताना ती थेट बापासारखी दिसायची. "काका, मला शिकवा. बाबांच्याच पतंगावर."

काकांचं दुकान समुद्राला लागून होतं. शिडं, तंबू, ताडपत्र्या आणि आता काइटबोर्डिंगचे, म्हणजे फळीवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढत नेणारे मोठे पतंग, काहीही फाटलं तरी लोक त्यांच्याकडेच यायचे. भिंतीवर नवे पतंग टांगलेले होते. त्यांच्या दांड्याला लाल मूठ असते. ती ढकलली की पतंग माणसापासून सुटतो, लहान पोरालाही जमेल इतकं सोपं.

"तो पतंग नाही गं, भंगार आहे," काका म्हणाले. "दोनच दोऱ्या. वारा वाढला तर त्याचा जोर कमी करायची सोय नाही. आणि शिकवायला होतं कोण? गावात आम्ही दोघंच. पहिला महिनाभर तुझा बाप फळीवर कमी आणि वाळूत जास्त होता."

"आणि तुम्ही?"

"मी त्याची वाळू झटकायला."

ती पुन्हा हसली. काकांनी भिंतीवरचा पिवळा पतंग काढून तिच्यापुढे ठेवला, वर कंबरपट्टाही ठेवला. "हा तुझ्यासाठीच ठेवलाय. उद्यापासून शिकवतो. ती पिशवी राहू दे इथे, मी लावतो तिची वाट."

"आधी बघू तर द्या."

चेन अडकली. अडकू दे, काका मनात म्हणाले. मुलीने दात लावून ओढली, तेव्हा ती उघडली. खारट, कुजक्या रबराचा वास आला. पतंगाचं कापड हाताला लागताच भुगा होऊन टेबलावर सांडलं. त्याच्याखाली लाकडी दांडा होता, दांड्याभोवती गुंडाळलेल्या दोऱ्या आणि कंबरेला अडकवायचा लोखंडी हुक.

त्या हुकाला एक पिन होती. पिन ओढली की हुक उघडायचा. पण तिचा काही नेम नव्हता, नको तेव्हा ती आपोआप निसटायची. एका हंगामात तीनदा पतंग एकटाच समुद्रावर निघून गेला. पतंग दोघांत एकच. तिसऱ्या वेळी तो परत आणताना दोघंही बुडता बुडता वाचले. त्या संध्याकाळी काकांनी दोन बोटं रुंद कापडी पट्टी घेतली, पिनेवरून घट्ट गुंडाळली आणि आरपार शिवून टाकली. मित्राला, हिच्या बापाला, सकाळी सांगू म्हणाले. सकाळी वारा लवकर सुटला.

काका पोचले तेव्हा मित्र पाण्यात उतरलेला होता. मग वाऱ्याचा एक झोत आला. धक्क्याच्या दगडांवर आपटेपर्यंत तो दोन्ही हातांनी पिन ओढत होता. हे काकांनी काठावरून पाहिलं.

चौकशीला आलेल्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी काकांनाच विचारलं. पिनेत वाळू अडकली, काका म्हणाले. टाके उसवायला त्यांनी कात्रीही घेतली होती. पण तेवढ्यात हिची आई आली आणि पिशवी उराशी धरून घेऊन गेली.

त्यानंतर त्या घराला काही कमी पडू द्यायचं नाही, हा त्यांनी नेमच केला. हिच्या फ्रॉकपासून घराच्या पडद्यांपर्यंत सगळं याच मशीनवर शिवलं गेलं. मुलगी त्यांना काका म्हणायची आणि दर वेळी त्यांना बरं वाटायचं, आणि लाजही वाटायची.

मुलीने हुक उचलून उजेडात धरला.

"आई म्हणते, पिनेत वाळू अडकली होती."

"हो."

"यात वाळू नाहीये, काका."

तिने पट्टीवरचं मीठ नखाने खरवडलं. काळी पट्टी, लाल दोरा. पिन हलते का, ते तिने ओढून पाहिलं. मग दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. काकांनी मान खाली घातली. त्या काळी पिना अशाच यायच्या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने विश्वास ठेवला असता. आजवर त्यांचा प्रत्येक शब्द तिने खरा मानला होता.



मुलगी मशीनवरच्या शिडाकडे वळली. अर्धवट सोडलेल्या शिवणीच्या वरची, कालची पुरी झालेली शिवण तिने बोटाने चाचपली. तिच्या टोकाचे उलटे तीन टाके पाहिले. मग परत हातातली पट्टी पाहिली.

"माझ्या दप्तरालाही असेच टाके होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पहिलीपासून दहावीपर्यंत एकच दप्तर वापरलं मी. एकदाही उसवलं नाही."