पहिल्यापासून सांग

"पहिल्यापासून सांग गं," समोरच्या तोरस्करकाकू चटईवर ऐसपैस बसत म्हणाल्या. पप्पांना जाऊन नऊ दिवस झाले होते. ते गेले तेव्हा घरात मी एकटीच होते, म्हणून आत्या दरवेळी मला दहावीच्या पुस्तकावरून उठवून भेटायला येणाऱ्यांसमोर बसवायची.

मी सांगितलं. पप्पा मोरीत पडले, मी दार ढकललं, तोंडाला फेस आला होता.

"पांढरा की रक्ताचा?" चहात खारी बुडवत काकूंनी विचारलं. खारीचा तुकडा कपात पडला, तेव्हा मात्र त्या मनापासून "अरेरे" म्हणाल्या.

त्या उठल्यावर आत्या माझ्या कानाशी कुजबुजली, "काल किती छान सांगितलंस. आज रडलीसुद्धा नाहीस."

दुखवट्याच्या घरातून निघताना कुणी 'येते' म्हणत नाही. घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं. पुन्हा तीच वेळ येते म्हणतात. काकू चपला घालू लागल्या. त्यांच्या ओठाला चिकटलेला खारीचा चुरा बघून मला शिसारी आली.

"परत या हं, काकू," मी म्हणाले. "अजून मी आहे ना."

आत्याने कपाळावर हात मारला. काकू मात्र चपला काढून लगबगीने परत चटईवर येऊन बसल्या.

"म्हणजे काय गं? सगळं नीट सांग."