काचेमागचं कापड

पोलंडमध्ये शिकणाऱ्या लेकीकडून भंडाऱ्याला परतून आठवडा झाला, तरी नंदलाल हातमागावर बसला नव्हता.

"काहून बसून नाही राहिले मागावर?" मागासाठी सुताची कांडी भरता भरता कुसुमताईनं नवऱ्याला विचारलं.

"कीर्तीनं क्राकोव शहर दाखवलं. मंग जवळची महायुद्धातली हिटलरची छावणी, माणसं मारायची. तिथं काचेमागं कापडाचा एक तागा होता. मी विणकर माणूस, पाटी सोडून आधी वीण पाह्यली. चार लोकांत बोललो, काय सफाईचा हात आहे."

"मंग?"

"मंग तिनं पाटी वाचली. मारून टाकलेल्या बायांच्या केसांचं होतं ते. पोरगी माझ्याकडं पाहेना."

कुसुमताईची कांडी थांबली. "तुमाले काय मालूम होतं," ती हळूच म्हणाली.

"मालूम झाल्यावर तं किती वेळ पाहत राहिलो. कुठं तरी धागा चुकला असंन, विणणाऱ्याचा हात थरथरला असंन. एक चूक नाही सापडली."

त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"हे बी चुकत नाहीत, कुसुम. मागावर बसलो का आपोआप चालतीन. त्याचीच लाज वाटते."