ओली करडई

"अजून ओली हाय," कोंडाजी म्हणाला आणि हातातलं करडईचं बोंड त्यानं मुठीत दाबून धरलं.

शालनबाईनं सासऱ्याकडं पाहिलं. चार दिवसांमागंही तो हेच म्हणाला होता, आठ दिवसांमागंही. पिंपरीच्या शिवारातली बाकीची करडई कधीच खळ्यावर गेली होती. उभं होतं ते यांचंच एक वावर. उजाडल्यापासून पोपट बोंडं फोडत होते. पश्चिमेला आभाळ काळवंडलं होतं.

तिनं काट्यांतून जपून एक बोंड तोडलं, तळव्यावर चोळलं. पांढरे दाणे सुटे झाले. एक दाताखाली धरला. कटकन फुटला.

"मामंजी, वाळून खडखडीत झालीय. गारा पडल्या तर वर्साचं तेल मातीत जाईल."

"तुला काय कळतंय?"

"समदं कळतंय."

कोंडाजीची नजर बांधापलीकडं गेली. तिथं नव्या कारखान्याच्या कुंपणाचे खांब येऊन थांबले होते. उभ्या पिकाला हात लावणार नाही, पीक निघालं की कारखान्यात गेलेल्या या वावराला तार ओढू, असं मोजणीदार सांगून गेला होता. शालनबाईचा नवरा त्याच कारखान्याचा पाया खणायला रोज जात होता.

"म्या न्हाई कापायचो," म्हातारा म्हणाला आणि बांधावर बसला.

शालनबाईनं आणलेल्या दोन विळ्यांतला एक त्याच्यापुढं ठेवला. हातांना फडकी गुंडाळली आणि वाकली. दव होतं तोवरच काटे मऊ होते. एक ओळ झाली, दुसरी झाली. फडक्यातून एक काटा आत शिरला. तिनं दातांनी उपसला आणि पुन्हा वाकली.

थोड्या वेळानं मागं दुसऱ्या विळ्याचा आवाज यायला लागला. तिनं वळून पाहिलं नाही.

पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा शेवटचा भारा छपराखाली गेला होता. शालनबाई पदरानं तोंड पुसत बाहेर आली. कोंडाजी मोकळ्या वावराच्या मधोमध भिजत उभा होता. ती धावत गेली, त्याच्या डोक्यावर घोंगडी धरली.

"चला मामंजी, घरी चला."

तो हलला नाही.

"शालन," तो हळूच म्हणाला, "उद्या उजाडल्यावर म्या कुठं जाऊ?"