भाल्यावरचं ऊन

सकाळचं ऊन त्या खोलीत कधी घाईने येत नाही. आधी ते खिडकीसमोरच्या कपाटाच्या माथ्यावर टेकतं, जणू खाली उतरावं की नाही याचा विचार करतं. मग वरच्या फळीवरल्या पितळी घोडेस्वाराच्या भाल्याला हात लावतं, घोड्याच्या पाठीवर रेंगाळतं, आणि शेवटी वेताच्या खुर्चीच्या आधाराने फरशीवर उतरतं. तो घोडेस्वार म्हणजे मास्तरांच्या पहिल्या तमिळ चित्रपटाला मिळालेलं मानचिन्ह. शेजारची काचेची ज्योत हिंदीतली.

मास्तर वेताच्या खुर्चीत ताठ बसले होते. शेजारी त्यांचा जुना कॅमेरामन.

"निर्माता आज उत्तर मागतोय," कॅमेरामन म्हणाला. "तुझी नजर गेली, असं त्याच्या कानावर आलंय. तसं असेल तर चित्रपट दुसऱ्याला देईल. माझ्या शब्दावर ठरणार आहे."

"लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

"परवा चाचणीच्या चित्रीकरणात तू डोळे मिटून बसला होतास."

मास्तर हसले. "हिंदीत मी जन्मभर डोळे मिटूनच दिग्दर्शन केलं. भाषा परकी. चेहरा पाहिला की भुलायचो. कान मात्र खोटं वाक्य बरोबर पकडायचे."

"पण हा चित्रपट तमिळ आहे. तमिळमध्ये तू डोळ्यांत तेल घालून बघायचास."

"म्हातारपणी सवयी एकमेकींच्या घरी राहायला जातात." मास्तरांनी कपाटाकडे बोट केलं. "ते बघ. ऊन भाल्यावर आलंय, घोडा अजून सावलीत. पहिल्या दृश्यात मला नेमकं हेच हवं. दोन भाषांत एवढं काम केलं, पण प्रकाश कधी कुणाकडून उसना घेतला नाही."

कॅमेरामनने कपाटाकडे पाहिलं. मग वळून खिडकीकडे.

"काय रे, चुकलं का माझं?"

"छे. भाल्यावरच आहे." त्याने खिशातून फोन काढला आणि निर्मात्याला सांगितलं, "नजर माझ्यापेक्षा तेज आहे त्याची. चित्रपट तोच करणार."

मास्तरांची मान आणखी ताठ झाली.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली मास्तरांची मुलगी दारातच थबकली.

"अगंबाई, अंधारात काय बसलात दोघं? आज पडदे उघडायचेच राहिले बाबा माझ्याकडून."

तिने पडदा सरकवला. भाला नि घोडा मागे टाकून ऊन केव्हाच खुर्चीपर्यंत उतरलं होतं. ते थेट मास्तरांच्या उघड्या डोळ्यांवर आलं.

पापणी लवली नाही.