अकरा वर्षांची नदी

"जपून ताई, अजून दोन पायऱ्या," धाकटी म्हणाली.

"मोजल्यात मी. तीस वर्षं चढलेय हा जिना." डोळ्यांनी ताईंची साथ सोडली होती, जिभेनं नाही.

पाणीमापन कार्यालयात दोघींना थोरली-धाकटी म्हणत. नातं काही नव्हतं. एका खोलीत, एका संगणकापुढे दोघींनी नोकरी काढली, एवढंच. धाकटी आता बासष्टची होती, तरी धाकटीच. आता त्याच खोलीत जुन्या यंत्रांचं दालन उघडणार होतं, आणि ते सांभाळणाऱ्या मुलीनं दोघींना आठवणी सांगायला बोलावलं होतं. जुना संगणक तिनं बरीच खटपट करून चालू केला होता.

"मॅडम, तेव्हा या खोलीत एसी होता म्हणे?"

"यंत्रासाठी," ताई म्हणाल्या. "त्याला ताप यायला नको. आम्हाला ताप आला तर रजेचा अर्ज. चपला बाहेर काढून आत यायचं, साहेबांनीसुद्धा. त्यांच्या मोज्याचं भोक सगळ्या कार्यालयाला तोंडपाठ होतं."

मुलगी हसली तशा ताई खुलल्या. धाकटी यायच्या आधी नदीच्या पातळीचे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचे. एकदा त्यांच्या हातून गठ्ठा पडला आणि जमिनीवर फतकल मारून दोन दिवस त्या नदी लावत बसल्या होत्या. जानेवारीचं पाणी ऑगस्टात गेलेलं! मग थाळीएवढी टेपची रिळं आली, मग वारा घ्यायला बऱ्या अशा फ्लॉपी डिस्क, मग सीडी, आणि शेवटी कानातल्या डुलाएवढा पेन ड्राइव्ह.

"यंत्रं बारीक होत गेली आणि आम्ही रुंद," धाकटी म्हणाली.

"स्वतःपुरतं बोल."

मुलीनं काचेतली एक चौकोनी काळी डिस्क उचलली. "ही कडेला खाच कसली हो?"

ते धाकटीनं सांगितलं. खाच उघडी असली की डिस्कवर लिहिता येतं, पुसताही येतं. खाचेवर पट्टी चिकटवली की मग कुणाच्या बापाला पुसता येत नाही. कार्यालयाच्या पट्ट्या चंदेरी असत आणि लगेच सुटत, म्हणून ती वडिलांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातली हिरवी चिकटपट्टी आणायची. काम संपलं की हिरवी पट्टी. हात आपोआप जायचा.

"एकदाच विसरले," ती म्हणाली.

"ते नको सांगूस."

"सांगू द्या ताई. चौतीस वर्षं झाली."

नदीच्या कार्डांच्याही आधीच्या अकरा वर्षांच्या नोंदी तिनं वह्यांवरून एका डिस्कवर चढवल्या होत्या. वह्या रद्दीत गेल्या. डिस्क मोजून मिळायच्या, त्यामुळे दुसरी प्रत नव्हती. त्याच आठवड्यात तिची मुख्यालयात निवड झाली. सोमवारी निघायचं होतं, ट्रंक भरून तयार होती. "तू गेलीस की मी काय ह्या डबड्याशी बोलू?" असं ताई रोज थट्टेनं म्हणायच्या. शुक्रवारी ताईंनी डिस्क लावली, तर कोरी. लेबल धाकटीच्या अक्षरातलं. खाच उघडी.

साहेबांपुढे धाकटीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ताई म्हणाल्या, "माझ्या हातून पुसली गेली."

ताईंच्या फाइलीवर लाल शेरा बसला, बढती कायमची गेली. धाकटीनं घरी जाऊन ट्रंक रिकामी केली. जिनं आपल्यासाठी मान खाली घातली, तिला टाकून जायचं कुठल्या तोंडानं? तिच्याऐवजी मुख्यालयात गेलेली बाई पुढे संचालक झाली. धाकटीनं ताईंच्या शेजारी घर घेतलं. ताईंची भाजी, ताईंची इंजेक्शनं, ताईंचे डोळे, सगळं तिनं पाहिलं. कधी जड वाटलं नाही.

"असं माणूस शोधून मिळत नाही बघ," ती मुलीला म्हणाली, आणि पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून तिनं झाकण उचकटलं.

त्या आवाजासरशी ताई वळल्या. "कसला डबा?"

"तुमचाच, बिस्किटांचा. कपाटावरचा, जुन्या डिस्क ठेवलेला. तुमच्या नावाची चिठ्ठी लावून काचेत ठेवणारेत."

"मी नको म्हटलं होतं ना?"

"तुम्ही कायम नकोच म्हणता."

"अगं, त्यात काही नाही. सगळ्या कोऱ्या आहेत. चल, माझे डोळे दुखायला लागले."

"पाच मिनिटं, ताई."

मुलगी एकेक डिस्क लावून पाहू लागली. पहिली वाचलीच गेली नाही. दुसरीवर कुठल्याशा वर्षाचा रजांचा तक्ता निघाला. तिसरीला बुरशी आली होती, ती तिनं बाजूला ठेवली. तळाशी एक बिनलेबलाची होती. लेबल ओरबाडून काढल्याच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. ती आत गेली आणि यंत्र खरखरलं.

"मॅडम, हिच्यावर आहे काहीतरी! एकेका वर्षाची फाइल दिसतेय. नऊ, दहा... अकरा. सगळ्या उघडतायत. रोजची पाण्याची पातळी आहे."

धाकटीनं चष्मा चढवला. आकडे तिचेच होते. पुराच्या दिवसापुढे ती फुली मारायची, ती फुलीसुद्धा होती. तिला एकदम हसू फुटलं, डोळे भरून आले.

"ताई! अहो, तुम्ही प्रत काढून ठेवली होती! आणि विसरलात? उगाच तो लाल शेरा, उगाच सगळं! ताई, ऐकताय ना?"

ताईंनी तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

मुलीनं डिस्क बाहेर ओढली आणि उजेडात धरली. "आणि ही खाचेवरची पट्टी बघा ना मॅडम, अजून किती घट्ट आहे," ती म्हणाली. "तुमचीच असणार. हिरवी आहे."